संदर्भसूचीत स्तामेना

दिलियानाचा लेख लिहून झाला होता. ऱ्होडोपी डोंगरातल्या एका गावातले विणकामाचे शब्द तिनं कित्येक हिवाळे तिथं जाऊन गोळा केले होते. आता उरलं होतं ते नियतकालिकाच्या नियमपुस्तिकेबरहुकूम लेख नीट बसवणं. समास, तळटिपा, संदर्भसूची. हे काम तिला आवडायचं. पूर्णविराम कुठं, स्वल्पविराम कुठं, पुस्तकाचं नाव तिरपं की सरळ, यात सुट्टीचा दिवस निघून जायचा. नवरा सोडून गेल्यापासून प्लॉवदिव शहरातल्या तिच्या त्या दोन खोल्यांत सुट्टीचे दिवस सरता सरत नसत.

अडलं ते एका नावापाशी. लेखातले निम्मेअधिक शब्द स्तामेना कराजोवा या म्हातारीनं सांगितलेले. गावात मागावर बसणारी ती शेवटचीच. वसंतात ती गेली. दिलियानानं सूचीत तिचं नाव घातलं, तर संपादकांनी खोडून परत पाठवलं. खाजगी संभाषण सूचीत घेत नाहीत, मजकुरात कंसात उल्लेख पुरे, असा नियम होता.

तिनं फोन केला. संपादक सभ्य गृहस्थ होते.

"वाचकाला शोधून सापडणार नाही ते सूचीत कसं घालू, बाई? ध्वनिमुद्रणं कुठल्या संग्रहात जमा असतील तर गोष्ट वेगळी."

ध्वनिमुद्रणं तिच्याकडे होती. शहरातल्या लोकसंस्कृती संग्रहाचं काम नेवेना नावाच्या वयस्क बाई पाहायच्या. त्यांनी आनंदानं होकार दिला, पण एक अट घातली. "कातरलेलं आम्ही घेत नाही. जसं आहे तसं द्यायचं. आणि ते ऐकायला कुणीही मागू शकतं, हे लक्षात असू द्या."

घरी येऊन दिलियाना ऐकत बसली. म्हातारी मागाच्या धोट्याबद्दल, फणीबद्दल बोलत होती. मागाची खटखट चालू होती. मधेच तिनं विचारलं, "एवढी का वाळलीस गं पोरी? घरी कोण असतं तुझ्या?"

"कुणी नाही," असा स्वतःचाच आवाज दिलियानाला ऐकू आला. मग तो आवाज थांबेचना. नवऱ्याबद्दल, न झालेल्या मुलाबद्दल, शेजारी कुणी भेटू नये म्हणून अंधार पडल्यावर कचरा टाकायला जाण्याबद्दल. सख्ख्या बहिणीलाही तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. मागाची खटखट केव्हा बंद झाली, तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"रडून घे आधी," म्हातारी म्हणाली. "घेवड्याचं सार चुलीवर आहे, ते कुठं पळून जात नाही."

आणि त्यानंतर लगेच, जणू मधे काही झालंच नाही अशा सुरात, कापडाच्या काठाला काय म्हणतात ते तिनं सांगितलं. लेखातला सगळ्यात दुर्मीळ शब्द तोच होता.

कंसातला उल्लेख चालून गेला असता. कुणी नावं ठेवली नसती. दिलियानानं लेखाचं पहिलं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत तिचं एकटीचं नाव होतं. त्याच्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. सोमवारी जाऊन तिनं सगळी ध्वनिमुद्रणं न कातरता देऊन टाकली.

आठवड्याभरानं ती नोंदणीचा क्रमांक आणायला गेली. नेवेनाबाईंनी कागद पुढं केला, पण हातातून सोडला नाही.

"तपासायला म्हणून सगळं ऐकावं लागतं मला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सार कसं झालं होतं?"

"मीठ कमी होतं," दिलियाना म्हणाली. "पण दोनदा घेतलं मी."

त्या हसल्या. चहा घेऊन जा, म्हणाल्या. दिलियानाला थांबावंसं वाटलं, पण घाईचं काम आहे असं तिच्या तोंडून निघून गेलं.

घरी तिनं ती ओळ सूचीत घातली. कमेनोव आणि कोलेव या दोन प्राध्यापकांच्या मधे कराजोवा, स्तामेना. संपादकांना ती लगेच पाठवली, तर त्यांनी उलट टपाली फोन करून फक्त एक स्वल्पविराम सुधारायला सांगितला. तो सुधारून लेख पाठवला तेव्हा जेमतेम दुपार झाली होती. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ती खिडकीशी उभी राहिली आणि मघाशी चहाला थांबायला काय झालं होतं, याचा विचार करत राहिली.