सगळ्यांनाच आहे म्हणे!

मी चमचा बोलतोय. हांजी हांजी करणारा नव्हे. खराखुरा, स्टीलचा, दांड्यावर वेलबुट्टी असलेला. आज माझं डोकं फिरलंय आणि चार शब्द सुनावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

जन्मलो कारखान्यात, पण हयात गेली एकाच घरात. आईंनी मला त्यांच्या मुलीला भरवायला आणलं. घास गरम आहे का ते आधी स्वतःच्या तोंडात घालून बघायचं, मग तोच घास, तोच मी, मुलीच्या तोंडात. ती मुलगी आता ताई झाली. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर शिवते आणि घरी तिच्या छकुलीला तसंच भरवते. माया आहे ती, कोण काय बोलणार!

या घरात सगळ्यांचं पोट दुखतं. "आमच्या घराण्याचं पोटच तसं," हे आई अशा थाटात सांगतात की जणू पिढीजात दागिना आहे. ताईचे बाबा तर पोटाच्या कॅन्सरने गेले. "तापट होते ना फार," असं म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निदानही उरकून टाकलं. अहो, तपासलं होतं का कुणी?

मध्यंतरी ताई मशीनवरच चक्कर येऊन पडली. शौचाला काळं होत होतं, पण लाजेपायी ती बोलली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. जठरात जखम होती आणि जंतूही होते.

"चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही," त्यांनी बजावलं. "आणि आईंनाही तपासायला आणा."

"पण मलाच कसं झालं हे?"

"तुम्हालाच कसलं! बाहेर बाकावर बसलेत ना, त्यातल्या निम्म्यांच्या पोटात हे जंतू असतील. लहानपणी घरातूनच येतात बहुधा, उष्ट्या घासातून वगैरे. बऱ्याच जणांना पत्ताही नसतो, पण काहींना अशी जखम होते आणि कुणाकुणाला पुढे पोटाचा कॅन्सरही."

झालं! घरी येऊन ताईने एवढंच सांगितलं, "सगळ्यांनाच आहे म्हणे." कारखान्यातल्या बायकाही म्हणाल्या, "मग काय एवढं!" गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं आणि उरलेलं पाकीट माझ्याच डब्यात येऊन पडलं. मी रोज त्याच्याकडे बघून जळफळायचो. गल्लीतली सगळी छपरं गळतात म्हणून आपलं अंथरूण कोरडं राहतं का?

पुढच्याच आठवड्यात ताईला रक्ताची उलटी झाली. ती वाचली, पण दवाखान्यातून घरी आली ती भिंत धरत धरत.

आता गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू आहेत. काल तिने डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगून आईंना तपासणीचं विचारलं, तर आई फणकारल्या, "मला नको ती थेरं. आम्ही नाही का जगलो असेच?"

"आम्ही म्हणजे कोण, आई? बाबा कुठे आहेत?"

समोर छकुलीची वाटी होती. सवयीने आईंनी मला भरून स्वतःच्या ओठांपाशी नेलं. मी धातूचा, मला ओरडता येत नाही, नाहीतर सगळी गल्ली गोळा केली असती.

त्या थांबल्या. मला खाली ठेवलं.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "दुसरा चमचा दे. आणि दवाखाना उद्या किती वाजता उघडतो?"

तुम्हीही विचारा. तुमच्या घरातही "आमचं पोटच तसं" म्हणणारं कुणीतरी असेलच. मी डब्यात पडून राहीन, माझं काही बिघडत नाही.