पिवळी पट्टी लाल का झाली

बैठकीच्या खोलीत बायकांची ही दाटी झाली होती. मध्ये बसलेल्या शुद्धीमातेनं पट्टी उंच धरली. हळदीनं रंगवलेली ती पिवळीधमक पट्टी मागच्या खोलीतून लालभडक होऊन आली होती.

"ही सुनेच्या अंगातली अशुद्धी बोलतेय," माता डोळे मिटून म्हणाली. "पट्टी पिवळी राहीपर्यंत धुवा." आणि तिनं सासूबाईंच्या हातात आणखी एक सीलबंद बाटली दिली. अशुद्धीला तोंड फुटतं म्हणे. बोलायचं मात्र मातेनंच.

मागच्या खोलीत सून दाराला कान लावून होती. दाराला बाहेरून कडी. तिला थोडं पांढरं जायचं, एवढंच निमित्त झालं. तेव्हापासून रोज मातेच्या बाटलीतल्या पाण्यानं आतून धुवायचं आणि लगेच पट्टी लावायची. आता खाज, आग, वास, सगळंच मागे लागलं होतं. आता या नव्या बाटलीनंही पट्टी लालच आली तर तिला कायमचं माहेरी धाडणार होते आणि तान्ही लेक इथंच ठेवून घेणार होते. तिला रडूही फुटेना.

इतक्यात नणंद आली. ती दवाखान्यात नर्स होती. तिनं कडी काढली, वहिनीचं सगळं ऐकून घेतलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"अगं, थोडं पांढरं जाणं साधं असतं. योनीत चांगले जंतू असतात. ते आम्ल तयार करतात, म्हणून वाईट जंतूंचं तिथं काही चालत नाही. धुऊन धुऊन तू राखणदारच हाकललेस. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, औषधानं बरं होईल."

"पण पट्टी लाल होते ना, वन्सं," सून म्हणाली. एव्हाना तिचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

नणंद तडक बैठकीत गेली. मातेच्या पिशवीतली कोरी पट्टी घेतली, नव्या बाटलीचं सील फोडलं आणि पट्टी आत बुडवली. ती लाल झाली.

"बाटलीला या घराची दृष्ट..." माता चाचरली.

"दृष्ट नाही, धुण्याचा सोडा. आई, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

सासूबाईंचा जन्म धुणं धुण्यात गेला होता. "लाल होतो," त्या पुटपुटल्या. "मला माहीत होतं की गं हे." माता पिशवी आवरून कधी सटकली, कुणाला कळलंही नाही.

सासूबाईंनी नातीला उचललं आणि त्या मागे गेल्या. दार सताड उघडं होतं. सून मात्र आतच उभी होती.

"येऊ का बाहेर?" तिनं विचारलं.

उघड्या दारातही तिला हे विचारावं लागलं. म्हणून सांगतो, बाईच्या अंगावर संशय घेण्याआधी चमत्कार करणाऱ्याची बाटली तपासा.