रडी आजारी पडली नाही

लिंबाच्या रोपांच्या प्रत्येक ओळीत एक रोप मुद्दाम लेच्यापेच्या जातीचं लावत. खैऱ्या रोगाच्या जिवाणूंचा नुसता वारा लागला तरी त्याच्या पानांवर खरखरीत फोड यायचे, म्हणून रोगतपासणीच्या काचगृहात सगळे त्याला ‘रडी’ म्हणत. रडी फोडांनी भरली आणि शेजारचं रोप स्वच्छ राहिलं, तरच ते खरं चिवट. रडीच धडधाकट राहिली, तर चाचणी बाद.

या खेपेला शेजारची रोपं दादाची होती. घरामागच्या एकुलत्या एका झाडापायी त्याने उभी हयात घालवलेली; त्याचीच ही कलमं. तपासणारी त्याची धाकटी बहीण.

“बघ, एक फोड नाही!” दादा म्हणाला. “देव पावला गं.”

तिने रडीचं पान उलटलं. तेही कोरं.

“रडीलाही पावला का रे?”

दादा हसला नाही. पानाच्या देठाशी निळसर साका होता. तसलाच डाग त्याच्या बाहीवर.

“जिवाणू मारायला मोरचूद फवारलंस?”

“सुया टोचता, रोगाचं पाणी शिंपडता, वर पिशवीत कोंडता. मला बघवेना.”

“बघवेना, की भरवसा नव्हता?”

“भाऊ आहे मी तुझा. एवढं पोटात घाल.”

तिने घातलं नाही. चाचणी बाद झाली, नियमाप्रमाणे रोपं जाळली गेली. जाळण्याआधी तिने फवारणीनंतर फुटलेली, मोरचूद न लागलेली कोवळी पानं खुडून घेतली. दादाच्या रोपाची आणि रडीचीही. काचेच्या ताटल्यांत ओल्या कागदावर ठेवून टोचली, जिवाणू लावले. रोज देवाचं नाव घेऊन झाकण उचलायची.

रडीचं पान फोडांनी भरलं. दादाचं पान हिरवंगार. देवाने त्या झाडाला बळ कधीच देऊन ठेवलं होतं. तेच मागायला दादा मोरचुदाच्या दारात गेला होता.

ती धावतच त्याच्या घरी गेली. “वहिनी, दादा कुठंय? झाड चिवट निघालं! नवी कलमं बांधायची!”

वहिनीने नुसती मागच्या दाराकडे मान हलवली. झाडाच्या जागी खड्डा होता. कडेला मुळासकट उपटलेला बुंधा, फांद्या पार वाळलेल्या. “चाचणी बाद झाली त्याच दिवशी,” वहिनी म्हणाली. “मी आडवी पडले, तर मला म्हणाले, खोटं झाड आहे.”

दादा पायरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“ते पान आहे ना अजून?” त्याने विचारलं. “त्याचं कलम होईल?”

नुसत्या पानाचं कलम होत नाही, हे तिला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं.