घोडा म्हणजे कोण?

सरांच्या समीक्षापंथाचा जन्म झाला तो त्यांच्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. कॉलेजात कोणी खोली देईना, म्हणून सर आणि त्यांचे तीन विद्यार्थी तिथल्या टेबलाभोवती जमत, कवितांखालची नावं कात्रीने कापून टाकत आणि तावातावाने भांडत. कवी प्रेमात पडला की दारूत बुडाला, आपल्याला काय देणंघेणं? त्याच्या मनात काय होतं ते गेलं चुलीत. कागदावरचे शब्द बोलतील तेवढंच खरं. पुढे या मताची पुस्तकं झाली, परिषदा झाल्या, सरांचा चांगलाच बोलबाला झाला. बहीण चहा करून करून दमली, पण दादाचं कौतुक करताना थकली नाही.

तिचा नवरा कवी. आता आली का पंचाईत! त्याने आंधळ्या घोड्यावर कविता लिहिली, आणि हा घोडा म्हणजे आपले राज्यप्रमुखच, असं म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. गुन्हा शाबित झाला तर शिक्षा दहा वर्षांची होती. बचावाचे साक्षीदार म्हणून सरांनाच बोलावलं.

खरं तर कवितेत निव्वळ घोडा होता. खोगीर, तबेला, चारा. बोट ठेवायला जागा नाही. सरांनी वर्गात बोलतात तेच कोर्टात बोलायचं होतं, बस्स. पण वकिलाने त्यांच्या मनात भरवलं की असलं पुस्तकी काही न्यायाधीशांना पटायचं नाही. कवीलाच विचारा म्हणावं; तो घोडाच म्हणेल, की सुटला. कवीनेही मान डोलावली होती. सर पार घाबरले होते. माणूस वाचवायचा की मत? पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी आयुष्यभराचं मत गिळलं आणि सांगितलं, कवितेचा अर्थ कवीलाच ठाऊक असतो.

न्यायाधीश कवीकडे वळले. "घोडा म्हणजे कोण?"

कवी उठला. मेहुण्याकडे बघून हसला. बिचाऱ्याला खरोखरच आनंद झाला होता.

"इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. "राज्यप्रमुखच. दुसरं कोण?"

दहाच्या दहा वर्षांची शिक्षा झाली. सर कोर्टाच्या पायऱ्या उतरले. बहीण खाली उभी होती. ती रडत नव्हती, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"दादा, तुला त्या कवितेत काय दिसलं होतं?"

"घोडा," सर म्हणाले.

"मग तेवढंच का नाही सांगितलंस?"