सोडून देणारा हात

माझ्या खांबाला चिकटपट्टीने लावलेल्या खाऊच्या हिरव्या पुडीच्या कोपऱ्यात एक तारीख छापलेली होती. ती आदल्या महिन्यात उलटून गेली होती. पुडी अजून फुगलेली होती, आतले मक्याचे तुकडे अजून कुरकुरीत असावेत. पण तारीख उलटलेली पुडी तोवर कधी माझ्या अंगावर राहिली नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना यांत्रिक हात आहे. तैवानमधल्या ताओयुआनच्या एका कारखान्यात, चाचणीच्या खोलीत मी उभा असतो. नवा फोन चिमटीत धरायचा, माणसाच्या कमरेइतका वर न्यायचा आणि सोडून द्यायचा, हे माझे काम. तो कसा पडला, कुठे तडकला, हे पाहून इथले लोक त्याचा सांगाडा सुधारत. फोनचा आकार इथे ठरे, भाग इथे जुळत, आणि पाठीवर नाव छापले जाई ते दूरदेशीच्या कंपनीचे. इतके फोन मी धरले. आमच्या माणसांचे नाव एकावरही नव्हते.

पुडीवर छापलेल्या शब्दांचा अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’ असा आहे. ती ठेवली की यंत्र रुसत नाही, असे इथे सगळे मानतात. पुडी हिरवीच हवी, कुणी फोडायची नाही, आणि तारीख उलटण्याआधी बदलायची. माझी पुडी यौ मान-लिंग बदलत असे. ती इथली चाचणी अभियंता. त्याच वेळी ती मी जिच्यावरून वर-खाली सरकतो ती पट्टी पुसे, सांध्यात तेलाचा थेंब सोडे, सैल स्क्रू आवळे.

एके वर्षी जुळणीची सगळी यंत्रे पेट्यांत भरून समुद्रापलीकडे, चीनमधल्या तोंगग्वानला गेली. तिथे काम स्वस्तात होत होते. त्यांच्याबरोबर मान-लिंगचा नवरा छी-वेनही गेला. दुपारी त्याचा फोन येई. मान-लिंग तो स्पीकरवर लावून शेजारच्या मेजावर ठेवी आणि काम करता करता बोले. "एवढं मॉडेल संपू दे, मग परत येतो," तो म्हणे. "बरं," ती म्हणे. मॉडेल संपे आणि दुसरे सुरू होई. ओळीने उभ्या असलेल्या यंत्रांची जागा रिकामी होती. फरशीवर त्यांच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. मी रोज त्यांच्याकडे पाहत असे.

आता चाचणीही तिकडेच करायची ठरली. माझ्यासाठी लाकडी पेटी आली.

"मान-लिंगताई, तुम्हीही चला," व्यवस्थापक श्वे साहेब म्हणाले. "नवरा तिकडेच आहे. कंपनी तुमचा संसार जुळवून देतेय, मिठाई तरी द्या."

"बघते," मान-लिंग म्हणाली. त्यानंतर कितीदा विचारले तरी उत्तर तेच. तिला जायचे आहे, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ती मात्र माझ्या जवळ येईनाशी झाली.

एका सकाळी साहेब स्वतःच पुडी घेऊन आले. पिवळी.

"साहेब, पिवळी म्हणजे धोक्याची खूण," जुना कारागीर होंगदादा म्हणाला. "हा अडला, तर पेटीत तुम्हीच बसा."

"दुकानात हिरवी नव्हती. त्याला काय कळतंय?"

"त्याला कळतं. तुमचंच सांगता येत नाही." आणि होंगदादाने पुडी फोडून खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच अडलो. फोन चिमटीत राहिला, काही केल्या सुटेना. होंगदादा म्हणाला, "नुसता रंग बघून बिथरला."

खरे सांगतो मित्रांनो, दोष रंगाचा नव्हता. सांध्यातले तेल सुकले होते. इतकी वर्षे मला शहाणे ठेवले ते पुडीने नव्हे, पुडी बदलायला येणाऱ्या हाताने. यंत्र असो की माणूस, ‘नीट वाग’ असे लिहून लावल्याने भागत नाही. कुणीतरी जवळ यावे लागते.

मग मान-लिंग आली. हातात फडके, तेलाची कुपी आणि नवी हिरवी पुडी.

"पेटीत जायचंय त्याला. आता कशाला तेल?" साहेबांनी विचारले.

"आज इथं आहे ना," ती म्हणाली.

ती पट्टी पुसत असताना छी-वेनचा फोन आला. तिने तो नेहमीसारखा मेजावर ठेवला.

"ऐक, आमची लाइनही हलवतायत. व्हिएतनामला. मला पुढं जावं लागेल," तो म्हणाला. "पण तू ये इकडे. घर तयारच आहे. तिथलं एवढं मॉडेल संपलं, की मी येतोच तुझ्याकडे."

बाहेर निघालेले साहेब दारातच थांबले. होंगदादाने मान खाली घातली. मान-लिंगने तेलाचा थेंब सोडला आणि स्क्रू आवळला. माझी चिमटी उघडली. अडकलेला फोन खाली पडला. आवाज स्वच्छ होता, काही तडकले नव्हते.

तिने जुनी पुडी काढून नवी लावली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि मेजाकडे वळली.

"छी-वेन, मी येत नाहीये. तू घरी ये."