अर्धं गाव एक जूनचं

मी एक जुनी दोनशेपानी वही आहे आणि मी रद्दी नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना मी रद्दी वाटते त्यांनी माझं एकेचाळिसावं पान उघडावं, मग बोलावं.

मित्रांनो, माझा जन्म कुठल्याशा छापखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते शिरूरच्या दबोराबाईंनी मला विकत घेतलं तेव्हा. सणसवाडीच्या एका कारखान्यात त्या संगणकावर कामगारांची यादी सांभाळायच्या. सत्याण्णव साल होतं, प्रोग्रॅम अडला तर विचारायचं कुणाला? बाई दिवसभर त्याच्याशी भांडायच्या आणि सुटला की उत्तर माझ्यात उतरवायच्या. 'बदल करण्याआधी कॉपी काढ.' 'वर्ष चारही आकड्यांत लिही.' 'डिलीट म्हणजे नुसती खूण. नाव यादीत दिसत नाही, पण आत असतं. रिकॉल म्हटलं की परत येतं. पॅक म्हटलं की कायमचं गेलं. म्हणून पॅकआधी उडणारी नावं छापून वाच.' शेजारच्या कारखान्यातले लोकसुद्धा मला मागून न्यायचे. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

दोन वर्षांनी पुण्याहून नवे साहेब आले. "वहीत कसलं आलंय प्रोग्रॅमिंग?" म्हणत त्यांनी मला टेबलावरून कपाटामागे सारलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सुट्टीच्या दिवशी एकट्यानेच बसून त्यांनी यादी साफ केली. नाव, आडनाव आणि जन्मतारीख सारखी दिसली की दुसरी नोंद बोगस, करा डिलीट. तेवीस नावं उडाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तेवीस माणसं गेटवर अडली. करंदीचे पोपटराव गव्हाणे बाईंना म्हणाले, "धा वर्सं ह्याच गेटातनं जातूय. आज वॉचमन म्हंतो, यादीत तुमी न्हाईच. आता घरी जाऊन काय सांगू?"

बाई आत आल्या. साहेब म्हणाले, "सगळे बोगस आहेत. पॅक करून टाका."

बाईंनी मला कपाटामागून ओढून काढलं, धूळ झटकली आणि एकेचाळिसावं पान त्यांच्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, 'जन्मतारखेवरून माणूस ओळखू नको. आपल्याकडं अर्धं गाव एक जूनचं.' अहो, पोर शाळेत घालायला आणलं आणि आईबापांना तारीख ठाऊक नसली की मास्तर बिनदिक्कत एक जून लिहीत. हे साऱ्या तालुक्याला ठाऊक, साहेबांनाच तेवढं नाही.

"वही बंद करा आणि पॅक करा."

"पॅक मी न्हाई करणार, साहेब."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. आज गेटवर चला."

मला अभिमान वाटला, का लपवू? बाईंनी तेवीस नावं छापली, त्याच नावांची आत गेलेली माणसंही गेटवर बोलावून घेतली आणि खड्या आवाजात वाचायला लागल्या.

"पोपट गव्हाणे, एक जून एकोणीसशे पंचावन्न."

"हाय," करंदीचे पोपटराव म्हणाले.

"हाय," इनामगावचे पोपटराव म्हणाले.

प्रत्येक नावाला दोन माणसं पुढे येत होती. सातव्या नावाला साहेब म्हणाले, "बास. कळलं."

"अजून सोळा हायेत, साहेब. ऐका."

सोळाही ऐकवली. मग बाईंनी रिकॉल केलं आणि तेवीसजण कामावर गेले.

चूक वेळेत सापडली म्हणून वरून कौतुक झालं ते साहेबांचं. महिनाअखेर बाईंची नोकरी गेली आणि मला रद्दीत घालायचा हुकूम निघाला. बाईंनी तो ऐकला नाही. मला बगलेत मारून त्या ताठ मानेने बाहेर पडल्या.

मित्रांनो, माझ्यातली ती संगणकाची भाषा आता कुणी लिहीत नाही. माझी शिवण उसवली आहे. हसायचं तर खुशाल हसा. पण उद्या तुमच्या हाती कुणाची यादी आली, तर पुसण्याआधी नावं मोठ्याने वाचा. आणि माणसाला 'हाय' म्हणायला वेळ द्या.