व्याह्यासाठी जरा जास्त लवंग

व्याही नानासोंच्या नडगीवरची जखम आपण नेलेल्या पापुद्र्यानं भरली, तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब जोतीराम साताऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसून करत होता. पहिला फायदा म्हणजे, थोरल्या लेकीच्या लग्नापासून व्याह्याकडून नुसतं घेतच आलेला माणूस एकदाचा देणारा होईल. आजवर गुळाच्या ढेपा आल्या त्या साताऱ्याहून, हुरडा आला, आंबे आले. सांगलीहून गेली ती भडंगाची पुडी. दुसरा फायदा, चार माणसांत "आमचं पाव्हणं फौजेत भात शिजवत हुतं" ही ओळख मिटेल. तिसरा, लेक राजनंदिनी सासरी जरा मान वर करून चहा देईल. आणि खर्चाच्या बाजूला? पाय व्याह्याचा, तेल धाकट्या लेकीच्या शेडमधलं, अक्कलही तिचीच. इतका फायद्याचा व्यवहार त्याला जन्मात मिळाला नव्हता.

धाकटी लेक संयोगिता कुपवाडच्या एमआयडीसीत शेड चालवायची. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली पूड सौम्य आम्लात विरघळवायची, वाळल्यावर तडकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन घालायचं, जंतू मारायला लवंगेचं तेल घालायचं, आणि ते सगळं पातळ करून ताटांत ओतायचं. वाळलं की ताटातून अलगद सुटायचा पारदर्शक पापुद्रा, साबुदाण्याच्या पापडासारखा, पण मऊ. तो पुढेमागे जखमेवर लावायचा होता. जोतीराम फौजेच्या मेसमध्ये हवालदार होता. गुठळी न होऊ देता मोठं पातेलं ढवळायचं हे काम त्याच्याइतकं शेडमध्ये कुणाला जमत नव्हतं. शिवाय तो शेडवर असला की घरी त्याच्या बायकोला जरा निवांतपणा मिळायचा. ही गोष्ट संयोगितानं बापाला सांगितली नव्हती, आणि बापानं ओळखली नव्हती.

पापुद्र्याची परीक्षा त्यानं पाहिली होती. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्याचा गोल तुकडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तुकड्याभोवती स्वच्छ कडं उमटायचं, तेवढ्या जागेत जंतू नाहीत. एकदा तेल वाढवून पाहिलं तर कडं चांगलंच रुंद झालं.

"मग हेच करायचं की गं! एवढं झ्याक कडं!"

"आबा, कडं बशीत हाय. बशीला कातडी नसती. जास्तीचं तेल पापुद्र्यात धरून राहत न्हाई, बाहेर झिरपतं आन माणसाला भाजतं. ठरलंय तेवढंच घालायचं."

"कट नसलेला रस्सा पाव्हण्याला वाढशील व्हय?"

"ह्यो रस्सा न्हाई, आबा."

मग नानासोंची नडगी उसाच्या ट्रॉलीच्या हुकाला खरवडल्याची बातमी आली आणि जोतीरामनं लेकीकडे एक पापुद्रा मागितला. तिनं चष्मा कपाळावर चढवला. हे लक्षण त्याला तिच्या शाळेपासून माहीत होतं.

"डॉक्टरांची चाचणी अजून सुरू व्हायचीय. परवानगी येईपर्यंत माणसाच्या अंगाला लावायचा न्हाई. तुमच्या न्हाई, आन व्याह्यांच्या तर मुळीच न्हाई."

"बरं बाई," जोतीराम म्हणाला. इतक्या लवकर तो कधीच ऐकत नसे, पण लेक घाईत होती.

ती मिरजेला गेली त्या दुपारी त्यानं एक ताट बाजूला काढलं. तेल मोजून घातलं, अगदी तिनं ठरवलं होतं तेवढं. बाटलीला बूचही लावलं. मग त्याला आठवलं की हा पापुद्रा कुणाकडे चाललाय. मेसमध्ये रोजचा रस्सा वेगळा आणि मोठे साहेब जेवायला येणार असले की वेगळा. त्या दिवशी रश्श्यावर तेलाचा कट बोटभर दिसला नाही तर आचाऱ्याची लाज जायची. आणि हे तर व्याही. रोजचंच त्यांच्या पायाला लावलं, तर उद्या म्हणतील, पाव्हण्यानं हात आखडला. बूच निघालं, बाटली कलली, आणि कलली ती जरा जास्तच वेळ कललेली राहिली.

साताऱ्यात नानासो कॉटवर पाय लांब करून बसले होते. जोतीरामनं स्टीलचा डबा उघडला तसा वास घरभर पसरला. आतून सुलाबाईंची, म्हणजे विहीणबाईंची हाक आली, "राजनंदिनी, मसालेभात टाकलास काय गं?"

"न्हाई आत्या, आबांनी औषध आणलंय!"

"औषध? मला वाटलं पाव्हणं जेवण घिऊन आलं," नानासो हसले. "कसलं म्हणायचं हे?"

"कोळंबीचं टरफाल आन लवंग."

"म्हंजे कालवणच की! लावा, लावा. पायाला तरी खाऊ घाला."

जोतीरामनं हात धुऊन पापुद्रा जखमेवर बसवला. दिसायला सुरेख, फक्त त्याच्या अंगावर घाम फुटल्यासारखे तेलाचे बारीक थेंब होते. क्षणभर काहीच झालं नाही. मग नानासोंच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"कसं वाटतंय?"

"ग्... गार वाटतंय."

"गार?"

"लय गार."

नानासोंच्या कपाळावर घाम आला. कॉटच्या पट्टीवर हाताची मूठ वळली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ते म्हणाले की वास जरा डोळ्यांत गेला. जोतीरामनं आयुष्यभर रंगरूटांना तिखट खाऊ घातलं होतं. गार वाटणाऱ्या माणसाचं तोंड कसं असतं आणि भाजणाऱ्याचं कसं, हे त्याला सांगायला नको होतं. संयोगिताचा कपाळावरचा चष्माही त्याला लख्ख दिसला. पण आता बोलावं कसं? बोललं की पुन्हा भडंगाची पुडी आणि फौजेतला भात. न बोलावं, तर समोर माणूस शिजतोय. त्यानं मधली वाट काढून पाहिली.

"पाव्हणं, काढून जरा सरळ लावू का? तिरका बसलाय."

"न्हाई न्हाई! एवढ्या लांबनं तुमी आणलाय, त्याला हात लावायचा न्हाई."

"जरा वारं लागू दे की."

"वारं कशाला? झ्याक हाय," नानासो दातांतून म्हणाले. व्याह्यानं दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत, आणि ती पाळताना पाय थडथडत होता.

जोतीरामनं डोळे मिटले आणि हातची कमाई सोडून दिली. "काढा ते, नानासो. तुमच्यासाठी म्हणून मी तेल ज्यादा घातलंय. लेकीनं न्हाई म्हणून सांगितलं हुतं. भाजतंय ते."

"आवं मग आधी बोलायचं न्हाई व्हय!" नानासोंनी एका झटक्यात पापुद्रा ओढला. "मरतोय की मी हितं! पाणी आणा गं कुणीतरी!"

राजनंदिनी तांब्या घेऊन धावली. पायावर पाणी पडत होतं तेवढ्यात तिनं कुपवाडला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. संयोगिता सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "धुवत राहा. मग दोघंबी डॉक्टरकडं जावा. आबा, तेल किती घातलं?"

"मापात घातलं. मग जरा..."

"जरा किती?"

"बाटलीलाच विचार," जोतीराम पुटपुटला, आणि नानासो हसू लागले. पाय धरून, पाण्यात भिजत हसले.

डॉक्टरांनी कातडी लाल झालीय, बाकी काही नाही म्हणून साधी पट्टी बांधली, आणि पुढच्या वेळी दोघांनी एकमेकांवर प्रेम जरा कमी करावं असं सुचवलं. परत येताना रिक्षात नानासो म्हणाले, "आता बोललोच हाय तर सांगतो. तुमच्याकडचा मटणाचा रस्सा मी दर खेपेला रडत खातोय. ते डोळं भरून येणं, ते काय प्रेमानं न्हवतं."

"आन मला शुगर हाय," जोतीराम म्हणाला. "तुमच्या गुळाच्या ढेपा शेजारच्यांच्या पोटात जात्यात."

"गड्या! मग इतकी वर्षं आपण केलं काय?"

"पाहुणचार."

जोतीराम दोन दिवस राहिला, आणि एकदा मटणही त्यानंच शिजवलं. रश्श्याला तेल नानासोंनी स्वतः सांगून कमी घालायला लावलं, आणि तो रस्सा, आचाऱ्याच्या तोंडून सांगायचं तर, बरा झाला होता. निघताना गूळ मिळाला नाही. नानासोंनी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या आणि जरा अडखळत विचारलं, "पोरीची परवानगी आली की पहिला पाय माझा लावता येतोय का, तेवढं विचारा. तवर एखादं खरचटणं मी जमवतो. पण पाव्हणं, पापुद्रा तिनं करायचा. तुमी नुसतं ढवळायचं." जोतीरामला आजवर व्याह्यानं खूप दिलं होतं, पण कधी काही मागितलं नव्हतं. कराडपर्यंत तो एसटीत एकटाच हसत होता.

आता किंमत कुणी मोजली ते पाहू. नानासोंच्या नडगीचे केस गेले, ते परत येतील. जोतीरामची इभ्रत तासभर गेली, ती व्याजासकट आली. संयोगिताचं एक ताट फुकट गेलं, आणि तिनं त्याच आठवड्यात तेलाच्या कपाटाला कुलूप लावून ते वसूल केलं. डॉक्टरांना गोष्ट फुकट मिळाली. ज्यांना या व्यवहारात मिळण्यासारखं काहीच नव्हतं त्या सुलाबाईंनी मात्र गादीची खोळ चार वेळा धुतली, तरी पंधरवडाभर त्यांच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा चपला काढताना आधी विचारायचा, "मसालेभात हाय वाटतं?", आणि सुलाबाई मुकाट्यानं आत जाऊन तांदूळ धुवायला घेत.